वाकळ उसवताना, गोधडी शिवताना: सहा महिन्यांच्या नोंदी

५ जानेवारी २०२५

कऱ्हाडहून रात्री परतलो. आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, माळ्यावरच्या ट्रंकेतून वाकळ काढून दिली. त्यांच्या सासूबाईंनी शिवलेली आहे, त्यामुळे पन्नास वर्षांची तरी असेलच. कडांच्या दशा लोंबताहेत, पायाकडच्या बाजूला तळहाताएवढं भोक आहे, आणि तरीही अंगावर घेतली की सोडवत नाही. सोबत एका बोचक्यात तीन जुनी नऊवारी: हिरवी इरकल, निळं चौकडीचं लुगडं, एक तपकिरी. शिवाय आजोबांचं एक धोतर.

काम दोन भागांत करायचं ठरवलं आहे. आधी वाकळ कशी बांधली आहे ते समजून घ्यायचं. मग या लुगड्यांची नवी गोधडी हातानं शिवायची, आईंसाठी. अट एकच आहे. आई चौऱ्याहत्तर वर्षांच्या. ओली वाकळ त्यांना उचलत नाही, म्हणून गेली चार वर्षं ती धुतलेलीच नाही. नवी गोधडी त्यांना एकटीनं धुता, पिळता आणि दांडीवर टाकता आली पाहिजे.

प्रवासाच्या बॅगा तोलायच्या काट्यावर वाकळीचं कोरडं वजन भरलं ३ किलो ४०० ग्रॅम. लांबी ६ फूट १ इंच, रुंदी ३ फूट ९ इंच. रुंदी म्हणजे अंदाजे लुगड्याचा पन्हाच. लुगडं आठ-सव्वाआठ मीटर असतं. त्याचे चार धडपे फाडून एकावर एक घातले की एका माणसाची वाकळ होते, जोड लावावाच लागत नाही. मापाचं गणित कापडातच आहे.

८ जानेवारी

भोकाच्या कडेनं वीतभर भाग उसवला. शिवणकामाची कात्री बाजूला ठेवली, नखं कापायची छोटी वाकडी कात्री वापरली, तरच टाका कापला जातो आणि कापड वाचतं.

सात थर निघाले. वरचं चौकडीचं लुगडं, त्याखाली पांढरं धोतर, आणि त्याखाली आणखी एक अख्खी वाकळ. तिचे टाके वेगळे, दोरा वेगळा, कडा वेगळ्या. म्हणजे आजेसासूबाईंनी आधीची विरलेली वाकळ टाकली नव्हती, तिच्यावर दोन्ही बाजूंनी नवं कापड चढवून पुन्हा दोरा भरला होता. आतल्या वाकळीत एका बाळाचं झबलं सपाट उलगडून घातलेलं सापडलं. बाह्यांच्या शिवणी उसवलेल्या, बंद कापलेले. कुणाचं ते आईंनाही सांगता येईना.

वाकळीच्या टाक्यांच्या ओळी कडेपासून सुरू होऊन चौकोनात फिरत फिरत मधे गेल्या आहेत. दोन ओळींत अंतर १७ ते २० मिलिमीटर, म्हणजे बोटभर. आतल्या जुन्या वाकळीत १२ मिलिमीटर. जितकं विरलेलं कापड, तितका दाट दोरा.

११ जानेवारी

भोक का पडलं हे शोधत बसले होते आणि आज ते सापडलं. भिंग लावून पाहिलं. भोकाच्या भोवती कुणीतरी नंतर दुरुस्ती केली आहे, चकाकत्या नायलॉनच्या दोऱ्यानं. तो दोरा आजही ताठ आणि अखंड आहे, पण प्रत्येक टाक्याच्या दोन्ही टोकांना कापड चिरलेलं आहे. बारीक चिरा, मुंगीच्या लांबीच्या. त्याच चिरा एकमेकींना मिळून भोक झालं आहे. याउलट आजेसासूबाईंच्या मूळ सुती दोऱ्याच्या ओळी जागोजाग तुटल्या आहेत आणि त्यांच्याखालचं कापड मात्र धड आहे.

दोरा कापडापेक्षा दुबळा हवा. ओढ बसली की दोघांपैकी एकाला तुटायचंच असतं. दोरा तुटला तर पुन्हा घालता येतो. मी आजवर घरात प्रत्येक दुरुस्ती मिळेल त्या पक्क्या दोऱ्यानं करत आले. रात्री कपाट उघडून दोन दुपटी आणि एक उशीचा अभ्रा बाहेर काढला. दोन्ही दुपट्यांवर अशाच चिरा आहेत.

१४ जानेवारी, संक्रांत

आईंना फोनवर सांगितलं. त्या लगेच म्हणाल्या, "अगं, तो नायलॉनचा मीच घातलाय. पोरं लहान होती, सारखं उसवायचं, म्हणलं एकदाच पक्कं करावं." मग जरा थांबून म्हणाल्या, "सासूबाई रागावल्या होत्या तेव्हा. का ते बोलल्या नाहीत."

१९ जानेवारी

आतल्या भरासाठी नमुने करायला घेतले. प्रत्येकी ३० सेंटिमीटरचा चौकोन, वरखाली तपकिरी लुगडं, ओळींत २ सेंटिमीटर अंतर. फरक फक्त पोटातल्या कापडाचा.

पहिल्यात जुन्या धोतराचे दोन थर. दुसऱ्यात नवं मांजरपाट, न धुता. तिसऱ्यात दुकानात मिळते ती पॉलिस्टरची पांढरी लादी. चौथ्यात पिंजलेला कापूस, गादीवाल्याकडून मूठभर आणला.

शिवताना सुई सांगत होतीच. जुन्या धोतरातून ती लोण्यातून जावी तशी जात होती, एका वेळी पाच टाके सुईवर चढत होते. मांजरपाटात दोन टाके घेतले की बोट दुखायला लागायचं, अंगुस्तान घालूनही.

२६ जानेवारी

चारही नमुने गार पाण्यात साबण लावून, हातानं चोळून धुतले आणि सावलीत वाळवले. तीन वेळा.

मांजरपाटाचा नमुना आटला, ३० चा साडेअठ्ठावीस झाला. आतलं नवं कापड आटलं आणि वरचं जुनं जागच्या जागी राहिलं, त्यामुळे वर सगळ्या सुरकुत्या पडल्या. कोरं कापड घालायचंच असेल तर आधी दोन-तीनदा गरम पाण्यातून काढलंच पाहिजे. पॉलिस्टरचा सगळ्यात लवकर वाळला, दोन तासांत, आणि सगळ्यात हलकाही तोच. पण लुगड्याची वीण आता इतकी सैल झाली आहे की पॉलिस्टरचे केस तिच्यातून बाहेर यायला लागले. तिसऱ्या धुण्यानंतर हात फिरवला तर लव उगवल्यासारखी लागली. कापसाचा उबदार खरा, पण वाळायला अख्खा दिवस, आणि एका कोपऱ्यात गोळा झाला. धोतराचा नमुना साडेतीन तासांत वाळला. मापात फरक जेमतेम दोन-तीन मिलिमीटर.

निकाल लागला. पोटात जुनं सुती कापडच. ते धुऊन धुऊन आधीच आटून झालेलं असतं, नव्याला जे करायचं असतं ते त्याचं करून झालेलं असतं.

२ फेब्रुवारी

मशीनवर प्रयोग. तेच चार थर, १४ नंबरची सुई, सुती दोरा, टाका शक्य तितका लांब. दिसायला सुरेख आला. मग दोन्ही हातांनी आडवा ताण दिला, तर ओळीवरूनच फाटला, तिकीट फाडावं तसा सरळ. हाताचा टाका दुप्पट लांब असतो आणि सैल असतो, भोकं कमी पडतात. शिवाय मशीनची सुई दिसेल तिथं घुसते. हातातली सुई विरलेली जागा आली की आपोआप चार धागे पलीकडे उतरते.

नव्या कापडाच्या गोधड्या मशीनवर चांगल्या होतात, मी स्वतः दोन केल्या आहेत. पण जुन्या लुगड्याला हातच हवा, हे माझ्यापुरतं पक्कं झालं.

९ फेब्रुवारी

इरकलीचा पदर तांबडा आणि पांढरा. तो भिजवला आणि बादलीभर पाणी गुलाबी झालं. या पदराचा एक तुकडा मधोमध घ्यायची इच्छा होती. मीठ घाल, व्हिनेगर घाल असं सगळेच सांगतात, म्हणून तीन पट्ट्या कापल्या. एक मिठाच्या पाण्यात, एक व्हिनेगरच्या, एक नुसत्या गरम पाण्यात. रात्रभर ठेवून सकाळी प्रत्येक पट्टी ओल्या पांढऱ्या फडक्यात गुंडाळून वर पाटा ठेवला. तिन्ही फडक्यांवर डाग उतरला, सारखाच. मीठ-व्हिनेगरनं काही थांबलं नाही. मग उरलेला पदर गरम पाण्यातून काढत राहिले, सुटायचा तो रंग सुटून जाईपर्यंत. आठव्या पाण्याला फडकं पांढरं राहिलं. पदर थोडा फिकटला. आता तो डाळिंबाच्या दाण्याच्या रंगाचा झाला आहे आणि मला आधीपेक्षा जास्त आवडतो.

१६ फेब्रुवारी

धोतर पांढरंफटक, वरच्या बाजूला ते तसंच घेतलं तर डोळ्यांत खुपेल. त्यातला एक धडपा घरीच रंगवायचं ठरवलं. कापडाचं कोरडं वजन २०० ग्रॅम. आधी कपडे धुण्याच्या सोड्यात उकळून खळ आणि मळ काढला. मग ४० ग्रॅम हिरड्याची पूड रात्रभर भिजवून त्या पाण्यात कापड तासभर ठेवलं, न पिळता वाळवलं. ते लोण्याच्या रंगाचं झालं. दुसऱ्या दिवशी ३० ग्रॅम तुरटी गरम पाण्यात विरघळवून त्यात बुडवलं. सुती कापडावर रंग नुसता चढत नाही, हिरड्यातला तुरटपणा आणि तुरटी या दोघांनी मिळून त्याला धरून ठेवावं लागतं.

रंग डाळिंबाच्या वाळलेल्या सालींचा. ज्यूसवाल्याकडून पिशवीभर आणून गच्चीत वाळवल्या होत्या, २०० ग्रॅम भरल्या. तासभर उकळून गाळलं आणि त्यात धोतर मंद आचेवर पाऊण तास ठेवलं. मोहरीच्या फुलांपेक्षा गडद, पिकल्या कवठाच्या गरापेक्षा उजळ असा पिवळा आला. हळद मुद्दाम वापरली नाही. हळदीचा रंग उन्हात टिकत नाही, आणि गोधडीचा अर्धा जन्म उन्हात जातो.

१ मार्च

हातून चूक झाली. महिनाभर एका बरणीत गंजके खिळे, गूळ आणि पाणी आंबवत ठेवलं होतं. छपाईवाले काळा रंग याच पद्धतीनं करतात. हिरडा लावलेल्या कापडाला हे लोखंडाचं पाणी लागलं की ते क्षणात राखाडी, मग काळं पडतं. पाहायला विलक्षण वाटतं. ब्रशनं एक रेघ ओढली आणि ती डोळ्यांदेखत फिक्या करड्यावरून शाईच्या रंगावर गेली. त्या भरात पिवळ्या धोतराचा तिसरा भाग सरळ बरणीतल्या दाट पाण्यात बुडवला, मोजमाप न करता.

वाळल्यावर रंग सुंदर शेवाळी आला. आठवड्यानं कापायला घेतलं तर बोटांत फाटलं. लोखंड कापडाला आतून खातं हे वाचलेलं होतं. नव्या जाड कापडाला त्याची झळ कळायला काळ जावा लागतो, साठ वर्षांच्या धोतराकडे सोसायची ताकद उरलेलीच नसते. आजोबांच्या धोतराचा हात-दीड हात तुकडा गेला याचं फार वाईट वाटलं. बरणी गच्चीवरच्या माठामागे ठेवली आहे. जुन्या कापडाला ती पुन्हा लावणार नाही.

९ मार्च

आमच्या गल्लीच्या टोकाला एक मावशी गोधड्या शिवून देतात. त्यांच्याकडे नमुने घेऊन गेले. दिसायला कसे आहेत याकडे त्यांनी लक्षच दिलं नाही. डोळे मिटून चिमटीत धरून चोळले, मग म्हणाल्या, "ताई, टाका वढून घेताय तुमी. दोरा असा ठिवायचा की कापडाला कळूच न्हाई." त्यांचा दोरा जाड, पांढरा, सुती, आणि एका वेळी हातभरच. त्याहून लांब घेतला की पिळा पडतो, गाठी होतात. मेणबत्तीच्या तुकड्यावरून एकदा ओढून घेतात. गाठ कधी वर ठेवत नाहीत, दोन थरांच्या मधे नेऊन सोडतात.

कच्चा टाका किती अंतरावर घालायचा ते विचारलं. त्यांनी जमिनीवर पसरलेल्या गोधडीवर वीत टेकवली. एक वीत, दुसरी वीत. हेच माप.

२२ मार्च

कोपऱ्यांचा विचार आठवडाभर चालू आहे. लुगड्याच्या गोधडीला कड दुमडून वर पट्टी लावायची रीत आहे, पण झिजायला सुरुवात कोपऱ्यापासूनच होते, वाकळीतही तेच दिसतं. मग सिद्दी बायकांची कवंदी, म्हणजे त्यांच्याकडची गोधडी, आठवली. उत्तर कन्नड जिल्ह्यात यल्लापूर, हल्याळ, मुंडगोड या तालुक्यांत सिद्दी राहतात. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतले, त्यातल्या अनेकांना पोर्तुगीजांनी गुलाम करून गोव्यात आणलं होतं, तिथून सुटून ते घाटातल्या जंगलात आले. त्यांच्या कवंदीला वेगळी पट्टी नसते. बाई एका कोपऱ्यापासून सुरुवात करते, तुकड्याची कड बोटानं दुमडत दुमडत त्यावरच दोरा घालते आणि कडेनं फिरत आत येते. तुकडे आधी जोडलेले नसतात, लागेल तसा पुढचा ठेवायचा. चारही कोपऱ्यांना घडी घातलेल्या तुकड्यांची त्रिकोणी फुलं असतात, त्यांच्याशिवाय कवंदी पुरी होत नाही.

आज दोन फुटांचा तुकडा त्या पद्धतीनं करून पाहिला, आणि एक गोष्ट ध्यानात आली. कडेकडून आत जाताना कापड पुढे सरकत जातं आणि मधे फुगवटा जमतो, ही आपल्याकडची नेहमीची तक्रार. कवंदीत वरचे तुकडे आतल्या बाजूनं मोकळेच असतात, त्यामुळे जास्तीचं कापड पुढच्या तुकड्याखाली विरून जातं. फुगवटा जमायला जागाच मिळत नाही. कोपऱ्यावर फुलांमुळे चार घड्यांची जाडी येते. झिजेल ती आधी फुलं झिजतील.

नवी गोधडी अशीच करायची. खाली इरकलीचा हिरवा धडपा, पोटात तपकिरी लुगड्याचे दोन थर, वर चौकडीचे, पिवळ्या धोतराचे आणि तांबड्या पदराचे तुकडे.

३० मार्च, पाडवा

सकाळी गुढी उभारली आणि दुपारी हॉलमधलं सगळं सामान भिंतीला लावून गोधडी पसरली. चार कोपऱ्यांवर पाट, वरवंटा, दोन तांबे. थर एकेक करून घातले, प्रत्येक थर मधून बाहेर तळव्यानं सारवावा तसा सपाट केला. वितीवितीवर कच्चे टाके. पहिलं फूल लावलं. चौकोनी तुकडा दोनदा दुमडला, टोक बाहेर, आणि पहिला टाका घातला.

२० एप्रिल

हिशेब मांडला. गोधडीचं क्षेत्रफळ सव्वादोन चौरस मीटरच्या आसपास, ओळींत २ सेंटिमीटर, म्हणजे सगळ्या ओळी मिळून ११०-११५ मीटर. माझा वेग तासाला साडेचार-पाच मीटर. झालेलं ४१ मीटर. रोज रात्री जेवणं झाल्यावर पाऊण तास मिळतो. लेक अभ्यासाचं पुस्तक घेऊन गोधडीच्याच दुसऱ्या टोकाला बसते, सुईत दोरा ओवून ठेवते. तिनं एक ओळ घातली आहे, तिरपी. तशीच ठेवली.

४ मे

मधल्या भागात आले. इथे हाताला वजन कळतं, सगळी गोधडी मांडीवर गोळा होते. मावशींनी सांगितलं तसं खाली बसून, गोधडीवरच एक पाय दुमडून शिवते. टेबलावर घेतली तर तिच्याच वजनानं थर खाली ओढले जातात.

२५ मे

गेला आठवडाभर पाऊस, मेमध्येच. हवा इतकी दमट झाली की दोरा सुईच्या नेढ्यात चिकटतो. मेण जास्त लावावं लागलं. दोन दिवस काम बंद ठेवून वाकळीच्या भोकाकडे वळले. नायलॉनचा एकूण एक टाका काढला. चिरलेल्या जागेवर वरून आणि खालून तपकिरी लुगड्याचं ठिगळ ठेवलं आणि सुती दोऱ्यानं सैल ओळी भरल्या, चिरलेल्या भागाच्या पलीकडे दोन-दोन बोटं नेऊन. वाकळ पूर्ण उसवायची होती, पण आता ते करावंसं वाटत नाही. झबलं होतं तिथंच आत ठेवलं.

८ जून

मधोमध तांबड्या पदराचा शेवटचा चौकोन उरला. मावशींना बोलावलं. त्यांनी येताना पदराच्या गाठीत तांदळाचे चार दाणे आणले आणि चौकोन बंद करायच्या आधी आत ठेवले. "गोधडीचं पोट रिकामं ठिवू न्हाई." गावाकडे भाकरीचा तुकडा आणि साखर घालायचे म्हणाल्या. मुंग्या लागतात म्हणून त्या आता तांदूळ घालतात. शेवटचा टाका त्यांनी लेकीला घालायला लावला.

वजन १ किलो २५० ग्रॅम.

१५ जून

पहिलं धुणं, मुद्दाम बादलीत आणि हातानं. पिळून निथळल्यावर २ किलो ६००. लांबीत दीड सेंटिमीटर आटली, कापडापेक्षा दोऱ्यामुळेच असणार. रंग कुठे उतरला नाही. पावसाळी हवेत, पंख्याखाली, दोन दांड्यांवर पसरून अकरा तासांत वाळली.

२२ जून

आई आल्या. गोधडी मांडीवर घेऊन बराच वेळ नुसता हात फिरवत होत्या. पिवळा तुकडा ओळखला नाही, त्यांच्या सासऱ्यांचं धोतर आहे म्हटल्यावर तो गालाला लावला. मग उजव्या कडेपासून एकेक ओळ बोटानं चाचपत आत गेल्या आणि तिसऱ्या की चौथ्या ओळीवर थांबल्या. "ही ओढली गेलीय बघ." खरंच होतं. पाडव्यानंतरच्या दिवसांतली असणार, हात अजून बसला नव्हता. एरवी दिसलीही नसती, पण त्या ओळीच्या दोन्ही अंगांना कापड किंचित चुणलं होतं.

म्हटलं, आई, राहू दे का? त्या म्हणाल्या, "आत्ताच काढ. मी इथं आहे तोवर पुन्हा भरू दोघी मिळून."

कात्रीनं ओळीच्या टोकाचा टाका कापला आणि टोक धरून ओढलं. दोरा सळसळत निघून आला. आईंनी ती जागा खिडकीच्या उजेडात धरून पाहिली, चीर कुठेच नव्हती.